तोंडातला चिंचोका

पूर्वी गोदावरीच्या काठी एका नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना तिथल्या ओताऱ्यांच्या आळीत एक नियम होता. वितळलेल्या कांशाने भरलेली मूस भट्टीतून उचलायच्या आधी प्रत्येकाने जिभेखाली एक चिंचोका धरायचा, आणि साचा काठोकाठ भरेपर्यंत तो तोंडातच ठेवायचा. ज्याला बोलायचे त्याला आधी तो थुंकावा लागे, आणि थुंकलेला चिंचोका सगळ्यांना दिसे. त्या वेळात बोलायचे ते एकट्या ज्येष्ठकाने, म्हणजे ओताऱ्यांच्या श्रेणीच्या प्रमुखाने. हा नियम का आहे असे विचारायचे नाही, हाही त्या नियमाचाच भाग होता.

बोधिसत्त्व त्या वेळी याच आळीत एका ओताऱ्याची मुलगी होऊन जन्माला आला होता. तिचे नाव वसुला.

वसुला लहान असतानाच तिचा बाप एका ओतणीत गेला. साचा फुटला आणि सगळा रस वर उसळला. अग्नी कोपला, असे आळीतली वडीलधारी माणसे म्हणाली. त्यांनी त्या जागी एक दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला, आणि तेव्हापासून प्रत्येक ओतणी त्या दगडाला हात जोडून सुरू होऊ लागली. दगडाला हात जोडले की पुढचे काही विचारावे लागत नाही.

वसुलेला तिच्या काकाने वाढवले. काकाचे नाव भवगुप्त. तो अबोल, पण मायाळू होता. रसाने भरलेली मूस त्याच्या हातात पाण्याच्या तांब्यासारखी स्थिर राही. पुढे तोच ज्येष्ठक झाला. वसुला मोठी झाली, तिचे दंड भरले, तशी त्याने तिला भात्यावर बसवले. भात्यावर बसलेल्याला दुसरे काही करायचे नसते. हात वरखाली होत राहतात आणि डोळे मोकळे असतात. वसुलेला तिथून सगळे दिसे. भट्टी दिसे, साचा पुरलेला खड्डा दिसे, सांडस धरलेली माणसे दिसत. तिच्यासमोर दुसऱ्या भात्यावर नंदिका नावाची एक बाई बसे.

ओतणीच्या आधी चिंचोके वाटायचे काम सोमिल आजोबांचे होते. आळीत सगळ्यांत म्हातारे तेच. त्यांच्याकडे एक कांशाचा वाडगा होता, आणि तो ते कोणाच्याही हातात देत नसत.

एकदा वसुलेने त्यांना विचारले, "आजोबा, हा चिंचोका कशासाठी?"

"माझ्या आजाच्या आजापासून चालत आले आहे."

"म्हणजे किती जुने आहे ते कळले. कशासाठी आहे ते नाही कळले."

"पोरी, तुझ्या जिभेला हाड नाही."

"कोणाच्याच नसते, आजोबा."

नंदिका फसकन हसली आणि म्हणाली, "हिच्या तोंडात चिंचोका कशाला ठेवता? आख्खे चिंचेचे झाड ठेवा. तरी ही बोलेलच."

त्या दिवशी घरी जेवताना भवगुप्ताने तिला हलक्या आवाजात कारण सांगितले. फार पूर्वी एका ओतणीत कोणाला तरी साप दिसला आणि तो मोठ्याने ओरडला. सांडस धरणारा दचकला. मूस कलंडली, आणि दोन माणसांचे पाय जन्माचे गेले. तेव्हापासून चिंचोका.

वसुलेने ते नीट ऐकले. कारण खोटे नव्हते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात आले, एक माणूस नको तेव्हा ओरडला, म्हणून बाकीच्यांनी हवे तेव्हासुद्धा गप्प राहायचे, हे कुठले औषध? दुखते बोट आणि बांधला सगळा हात.

त्या वर्षी राजाने एक मोठी घंटा ओतायला सांगितली. नगराच्या खाली नदी जिथे वळते तिथे पाण्यात एक खडक होता. थंडीच्या दिवसांत धुके उतरले की नावा त्यावर आपटत आणि माणसे बुडत. काठावर घंटा टांगली, धुक्यात ती वाजवत ठेवली, तर नावाड्यांना वळण कळले असते. राजाचा विचार चांगला होता. फक्त त्याला घंटा ओततानाही पाहायची होती, आणि त्यासाठी तो हत्तीवर बसून येणार होता.

एवढी मोठी घंटा त्या आळीत आधी कधी ओतली गेली नव्हती. सहा मुशी एकामागून एक रिकाम्या करायच्या, आणि मधे धार तुटू द्यायची नाही. धार तुटली तर कांशात सांधा राहतो आणि घंटा बद्द वाजते. साचा कुंभाराने करायचा. माधुक नावाच्या कुंभाराने माती, शेण आणि भाताचा कोंडा मळून तो केला, गोवऱ्यांच्या आगीत भाजून कोरडा ठणठणीत केला, आणि गरम असतानाच रस्त्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात पुरून चहूबाजूंनी माती ठोकून बसवली. वर दिसत होते ते फक्त साच्याचे तोंड आणि त्याच्या दोन बाजूंना हवा बाहेर पडायची भोके. या भोकांना ओतारी साच्याच्या नाकपुड्या म्हणत.

साचा दिला की कुंभाराचे काम संपे, अशी आळीची रीत होती. तांबे वितळवणारा साच्याबद्दल बोलत नसे, साचा करणारा भट्टीबद्दल बोलत नसे, आणि भात्यावरची माणसे कशाबद्दलच बोलत नसत. प्रत्येक जण आपले काम चोख करी. दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलणे म्हणजे त्याचा अपमान, असे सगळे मानत.

ओतणीच्या दिवशी सकाळी हवेत गारवा होता. राजाचा अमात्य आधीच येऊन उभा होता. त्याच्या सेवकाच्या हातात पूजेचे घासून लखलखीत केलेले चांदीचे ताट होते. रस्ता छान ओलसर केलेला होता, धुळीचा कण उडत नव्हता. सोमिल आजोबा वाडगा घेऊन फिरले. एकेकाने चिंचोका उचलला आणि तोंडात टाकला. शेंदराच्या दगडाला हात जोडून झाले. भाते सुरू झाले.

मुशींमधला रस पिवळाजर्द दिसू लागला. सांडस धरणारे पुढे सरकले. वसुलेचे हात भात्यावर आणि डोळे खड्ड्यावर होते. तेवढ्यात तिला साच्याच्या रस्त्याकडच्या नाकपुडीवर काहीतरी हलल्यासारखे वाटले. उन्हात कोळ्याचा धागा चमकावा तितकेच. ते दिसले आणि विरले. मग पुन्हा दिसले.

ती वाफ होती.

कोरडा साचा तापला तरी त्यातून वाफ येत नाही. वाफ येते म्हणजे आत पाणी आहे. आणि ओल्या साच्यात रस पडला की काय होते, हे त्या आळीत तिच्याइतके कोणाला माहीत होते? सांडस धरून तोंडाशी उभी असलेली माणसे तिला दिसत होती. त्यांत सगळ्यांच्या पुढे तिचा काका होता.

तिने नंदिकेकडे पाहिले. नंदिकेची नजरही त्याच नाकपुडीवर खिळली होती. वसुला आपल्याकडे पाहते आहे हे लक्षात येताच तिने मान खाली घातली. वसुलेने माधुकाकडे पाहिले. कुंभार खड्ड्यापासून दूर, माणसांच्या मागे उभा होता. ओतणी पाहायला आलेला माणूस साच्याकडे पाहतो. माधुक स्वतःच्या पायांकडे पाहत होता. खड्ड्याच्या कडेला उभा असलेला एक सांडसवाला पाय पुन्हापुन्हा जमिनीवर घासत होता.

तेव्हा वसुलेला सगळ्यांत भयंकर गोष्ट कळली. हे तिला एकटीलाच दिसले नव्हते. इथे पुष्कळांना थोडे थोडे माहीत होते, आणि प्रत्येकाच्या जिभेखाली एक चिंचोका होता.

ओरडावे, असे तिच्या मनात आले. पण साप पाहून ओरडलेला माणूस तिला आठवला. पहिली मूस सांडसात धरली जात होती. कोणी दचकले तर साचा फुटायच्या आधीच पाय जातील. म्हणून तिने आरडाओरडा केला नाही. तिने फक्त हात थांबवले.

भाता थांबला.

भात्याचा आवाज बंद झाला की ओताऱ्याची मान आपोआप वळते. भवगुप्त वळला. सांडसवाल्यांनी मूस जागच्या जागी ठेवली. वसुला उठली, तोंडातला चिंचोका काढून तळहातावर घेतला, आणि विहिरीवर कोणाशी बोलावे तशा साध्या आवाजात म्हणाली, "काका, मूस उचलू देऊ नका. साच्याला घाम आला आहे."

सोमिल आजोबा आपला चिंचोका थुंकून पुढे धावले. "तोंडात घाल तो! आधी तोंडात घाल!"

"पोरी, सकाळचे धुके असेल," भवगुप्त म्हणाला.

"मुहूर्त टळतो आहे," अमात्य म्हणाला. "महाराज निघाले असतील. या मुलीला बाजूला घ्या."

वसुला बाजूला झाली, पण अमात्याच्या सेवकाकडे गेली. तिने त्याच्या हातातले ताट घेतले. फुले आणि कुंकू शेंदराच्या दगडावर हळूच ओतले. ताट पदराने पुसले आणि रस्त्याकडच्या नाकपुडीवर धरले. चांदी पाहता पाहता धुरकटली. धुरकटीचे थेंब झाले आणि थेंब ओघळले. तिने ताट पुन्हा पुसले आणि दुसऱ्या बाजूच्या नाकपुडीवर धरले. ते जसेच्या तसे लखलखीत राहिले.

"धुके असते तर दोन्हीकडे असते, काका."

मग माधुकाने तोंडात बोट घातले आणि चिंचोका बाहेर काढला.

"ज्येष्ठक," तो म्हणाला, "पहाटे या अंगाची माती मला ओली लागली होती."

"पहाटे? आणि हे आत्ता सांगतोस?"

"पहाटेच सांगायला आलो होतो." पुढे बोलावे की नाही, असे त्याला झाले. त्याने सोमिल आजोबांकडे पाहिले. "आपण पूजेला बसला होता. मला सांगितले, कुंभाराने ओताऱ्यांना शिकवू नये. साचा दिलास, तुझे काम झाले."

"खड्ड्याच्या कडेला माझा पाय सरकला," सांडसवाला म्हणाला. त्याच्याही हातात आता चिंचोका होता. "म्हटले, कोणी पाणी सांडले असेल."

"वाफ मी पण पाहिली," नंदिका म्हणाली आणि रडू लागली. "म्हटले, डोळ्यांत धूर गेला असेल. म्हटले, ज्येष्ठकांना दिसतच असेल की."

भवगुप्ताने डोळे मिटले आणि उघडले. मग त्याने ठाम आवाजात हुकूम दिले. सहाही मुशींमधला रस कोरड्या वाळूत आखलेल्या चरांत ओतला गेला आणि त्याच्या लगडी झाल्या. मग रस्त्याच्या बाजूने खड्डा उकरला. तळाशी फावडे मारले तसे पाणी चकाकले.

अमात्य कडेला येऊन त्या पाण्याकडे पाहत राहिला. "धूळ उडू नये म्हणून रात्री रस्त्यावर पाट सोडायला मीच सांगितले होते," तो म्हणाला. "ओताऱ्यांना कळवायला हवे होते. कोणाला सुचलेच नाही."

राजाचा हत्ती अर्ध्या वाटेवरून परत फिरला.

काही दिवसांनी आळीची वडीलधारी माणसे श्रेणीच्या ओट्यावर जमली. त्यांनी वसुलेला बोलावले. आधी तिचे कौतुक झाले. तिला एक रेशमी वस्त्र दिले गेले. मग एक म्हातारे खाकरले.

"जीव वाचले, हे खरेच आहे. पण नियम मोडला, हेही खरे आहे. भट्टीपुढे नाक घास, आजोबांच्या हातून चिंचोका घे आणि पुन्हा असे करणार नाही म्हण. म्हणजे विषय संपला."

सोमिल आजोबा म्हणाले, "निभावून गेले, म्हणून चूक बरोबर ठरत नाही. उद्या ज्याला त्याला वाफ दिसेल. प्रत्येक पोर भाता सोडून उठेल. मग कसली ओतणी आणि कसले काय?"

हे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते, आणि वसुलेने ते सोडले नाही. ती म्हणाली, "मूस हातात असताना कोणी ओरडू नये, हे मला मान्य आहे. मीही ओरडले नाही. पण मूस उचलायच्या आधी ज्येष्ठकांनी खड्ड्याभोवती एक फेरी मारावी. भात्यावरच्याला विचारावे, सांडसवाल्याला विचारावे, कुंभाराला विचारावे, तुला काय दिसते? आणि मूस उचलल्यावर धोका दिसला तर भाता थांबवावा. भाता थांबला की सगळे थांबतात. ते तुम्ही पाहिलेच."

"ज्येष्ठकाने कुंभाराला विचारायचे?" एक म्हातारे हसले. "मग ज्येष्ठक हवाच कशाला?"

"ऐकायला," वसुला म्हणाली.

सोमिल आजोबांनी वाडगा तिच्यापुढे धरला. "पुरे झाले. घे."

वसुलेने हात पुढे केला नाही. तिने ते रेशमी वस्त्र घडी न मोडता ओट्यावर ठेवले.

"मी हा घेणार नाही, आजोबा. आजही नाही आणि पुढच्या ओतणीलाही नाही."

"का?"

'का' हा शब्द त्या ओट्यावर आजवर कोणी उच्चारला नव्हता. तो सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्याच तोंडून निघाला.

वसुला म्हणाली, "कोरडा साचा फुटत नाही. हे तुम्हीच मला शिकवले. मग माझे बाबा गेले, त्या दिवशीही साच्याला घाम आला असणार. त्या दिवशी भात्यावर कोणीतरी बसले होते. खड्ड्याच्या कडेला कोणीतरी उभे होते. साचा कोणीतरी पुरला होता. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होते. मला एवढेच सांगा, तो घाम कोणाकोणाला दिसला होता?"

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. कोणाच्याही जिभेखाली आज चिंचोका नव्हता. तरीही कोणी बोलले नाही. भवगुप्त आपल्या स्थिर हातांकडे पाहत बसला. सोमिल आजोबांच्या हातातला वाडगा थरथरू लागला, आणि त्या ओट्यावर बराच वेळ फक्त वाडग्यातले चिंचोके वाजत राहिले.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथल्या सभामंडपाची तुळई वाळवीने पोखरलेली विशोका नावाच्या एका तरुण भिक्षुणीला दिसली होती. पण स्थविर बोलत असताना कनिष्ठांनी मधे बोलू नये, अशी तिथली शिस्त होती. याआधी दोनदा तोंड उघडले म्हणून तिला बोलणी बसली होती. ती गप्प राहिली. प्रवचन चालू असताना तुळई कोसळली आणि स्थविर विमलघोषांचा खांदा मोडला. आता विहारातले सगळे वृद्ध तिला एकच प्रश्न विचारत होते, दिसले होते तर बोलली का नाहीस?

कथा संपवून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, पुढे ती घंटा कोरड्या साच्यात ओतली गेली. ओतणीच्या आधी भवगुप्त खड्ड्याभोवती फिरला आणि त्याने सगळ्यांत आधी कुंभाराला विचारले. धुक्यात त्या घंटेचा आवाज पैलतीरापर्यंत जात असे, आणि त्या वळणावर नावा आपटेनाशा झाल्या. तेव्हाचा भवगुप्त म्हणजे हा विहार बांधून देणारा श्रेष्ठी. तेव्हाचा कुंभार माधुक म्हणजे ही विशोका. तेव्हाचे सोमिल आजोबा म्हणजे, विमलघोष, तुम्ही. आणि तेव्हाची वसुला मीच."

विमलघोषांचा हात झोळीत बांधलेला होता. ते चाचरत म्हणाले, "भगवन्, आपण? मुलगी?"

"होय. मुलगी," शास्ता म्हणाले. "आणि त्या जन्मात मी सत्यपारमितेचा, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याचा, अभ्यास केला. खोटे न बोलणे हे सत्याचे अर्धेच अंग आहे. जे दिसले ते वेळेवर, मृदू शब्दांत आणि भीती न बाळगता सांगणे हे दुसरे. पण ते सांगणाऱ्या एकट्याच्याने होत नाही. त्याला ऐकणाराही लागतो."

सगळे वृद्ध खाली पाहत होते. मग विमलघोष आपल्या आसनावरून उठले, सभेच्या टोकाला सगळ्यांत मागे बसलेल्या विशोकेपाशी गेले, आणि दुखरा खांदा सावरत तिच्यासमोर खाली बसले.

"वर बघ," ते म्हणाले, "आणि तुला आणखी काय दिसते ते सांग."